पंख्याची शेगडी

वेदिकाला मुलगी झाली तेव्हा मळ्यात शेवंती ऐन बहरात होती आणि मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले होते. म्हणजे घरात कुणाला डोकं खाजवायला फुरसत नव्हती. तरी छाया दोन्ही वेळा डबा घेऊन दवाखान्यात जायची. नात कशी आहे, असं कुणी विचारलं की "केस लय हायेत डोक्याला," एवढं म्हणायची आणि डबा उघडायला लागायची. पुढचं बोललं तर दृष्ट लागेल असं वाटून ती केसांवरच भागवायची.

उद्या घरी सोडणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या दुपारी छायाने डिंकाचा लाडू लेकीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आतल्या खोलीत तुझी बाज टाकली बरं का. तुझ्या बापाकडून दोऱ्या ताणून घेतल्या. ओवा, बाळंतशेपा, सगळं आणून ठेवलंय."

वेदिकाने लाडू मोडला, पण खाल्ला नाही. "आई, मी इथूनच मनमाडला जाते."

"कुठं?"

"आमच्या घरी. सासूबाई म्हणाल्या, मी करते सगळं."

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय गं."

"माहीत आहे." वेदिका बाळाच्या दुपट्याची घडी उगाच सारखी करत राहिली. "पण त्या घरात अजून रॉकेलचा स्टोव्ह पेटतो. तिथं मी माझं बाळ नाही आणणार."

छायाने डाव्या हातावरचा पदर मनगटापर्यंत ओढून घेतला. ही तिची सवयच झाली होती. कोपरापासून मानेपर्यंतची कातडी स्टोव्हच्या भडक्याने चुरगळून टाकली, त्याला आता वर्षं लोटली होती. वेदिका तेव्हा पहिलीत होती. छाया सिव्हिलमध्ये पडून असताना तिची आई कलाबाई वणीहून आली आणि पोरीला घेऊन गेली. चार दिवसांसाठी नेलेली पोर परत यायचं नावच घेईना. आणायला गेलं की आजीच्या कमरेला मिठी मारून रडायची. शेवटी शाळा तिथलीच, कॉलेज तिथलंच, लग्नही तिथूनच झालं. नाशिकला यायची ती सणाला, सकाळी येऊन संध्याकाळी परत. छाया आगीतून वाचली खरी, पण त्या आगीने तिची लेक घरातून नेली ती नेलीच. आता सव्वा महिना लेक आणि नात आपल्या छपराखाली राहणार, या एका गोष्टीवर तिने नऊ महिने काढले होते.

"स्टोव्ह नसला तर येशील?" दारात उभ्या असलेल्या अमोलने विचारलं. छायाचा हा मुलगा वेदिकाहून दोन वर्षांनी लहान, घरचा फुलांचा टेम्पो चालवायचा. बहिणीच्या हट्टापुढे घरात त्याचंच काही चालायचं.

वेदिकाने मोडलेला लाडू डब्याच्या झाकणावर ठेवला. मग म्हणाली, "येईन."

"झालं मग. सांज व्हायच्या आत स्टोव्ह घराबाहेर."

हे बोलणं सोपं होतं. स्टोव्ह घराबाहेर काढायचा म्हणजे कुसाबाईंच्या हातातून काढायचा, आणि तो प्रकार सोपा नव्हता.

छायाच्या सासूबाई कुसाबाई. त्यांचा तो पितळी पंपाचा स्टोव्ह मागच्या पडवीत असायचा. स्वयंपाकाला गॅस होता, तो धाकटी जाऊ मनीषा सांभाळायची. पण अंघोळीच्या पाण्याला गॅस वापरला तर सिलिंडर महिनाभरही पुरायचा नाही, गीझर घेतला तर लोडशेडिंग, आणि चूल तर कुसाबाईंनी स्वतःच्या हातांनी मोडली होती. धुराने खोकून खोकून सावळीराम, त्यांचे मालक, गेले तेव्हा. उरला स्टोव्ह. छाया त्या भडक्यातून घरी आली तेव्हापासून स्टोव्हला कुसाबाईंशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. रॉकेल त्या भरणार, पिन त्या मारणार, पंप त्या देणार. छाया तर आगपेटीलाही शिवत नसे. देवाजवळचं निरांजनसुद्धा सासू लावून द्यायची आणि सून नुसते हात जोडायची. यावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मनीषाला वाटायचं, म्हातारीला स्टोव्हचा सोस आहे. छायाला माहीत होतं की सोस नाही. पण माहीत असलेली प्रत्येक गोष्ट ती बोलून दाखवणाऱ्यांपैकी नव्हती, आणि घराचं बरंच नुकसान तिच्या या गुणाने झालं होतं.

संध्याकाळी अमोलचा टेम्पो अंगणात आला, तो एक चकचकीत स्टीलचं पिंप आणि दोन गोण्या घेऊन. पिंपाच्या खाली डबी होती, डबीला बटण होतं.

"हे काय आणलं बाबा?" अमोलचे वडील निवृत्ती शेवंतीच्या पाट्या बांधत होते, ते उठून आले.

"शेगडी. दिंडोरीकडं बचत गटाच्या बायांकडं पाहिली होती मी. धूर नाय, वास नाय, भडका नाय." त्याने एका गोणीचं तोंड सोडलं आणि मूठभर कांड्या बाहेर काढल्या. बोटाएवढ्या, तपकिरी. "उसाचं चिपाड आन् शेंगांची टरफलं दाबून करतात. ह्या भरायच्या, वरून पेटवायच्या आन् पंखा चालू करायचा."

मनीषाने एक कांडी नाकाशी नेली आणि निवृत्तींना म्हणाली, "अगंबाई, ही तर म्हशीची गोळी पेंड! चुकून म्हशीपुढं टाकाल हां भाऊजी."

सगळे हसले. मनीषाचे मालक तेव्हा पंचवटीला बाजारात होते, नाहीतर म्हशीच्या वतीने त्यांनीही दोन शब्द बोलून घेतले असते.

कुसाबाई पडवीच्या खांबाला टेकून बघत होत्या. "पंखा कशाला रे शेगडीला? तिला उकडतं का?"

"विस्तवाला वारा लागतो ना आजी."

"त्याला फुंकणी असतीये."

"आता फुंकणीला पेन्शन द्या आत्याबाई," मनीषा म्हणाली. तिला रॉकेलच्या वासाने डोकं दुखायचं, तेव्हा तिचं मत केव्हाच शेगडीच्या बाजूने पडलं होतं.

निवृत्तींना मात्र यंत्राचा भरवसा वाटेना. "आन् ही कांडी उद्या मिळाली नाय तर? पंखा बिघडला तर? म्हातारी बिचारी बिनबोभाट पाणी देऊ राह्यली सगळ्यांना. कशाला तिच्या हातातलं काढून घ्यायचं? वेदीला सांगू ना समजावून."

"दादा, मी सांगितलं समजावून. ती नाय ऐकत." अमोल बापाला दादा म्हणायचा, निवृत्तींची धाकटी भावंडं त्यांना तशी हाक मारायची, म्हणून त्याच्याही तोंडात तेच बसलं होतं. "स्टोव्ह हाय तवर येणार नाय म्हणते."

छायाला सासूकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. तिला लेक हवी होती. त्यासाठी म्हातारीचा स्टोव्ह जावा असं तिला वाटत होतं आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

कुसाबाई आत गेल्या. आल्या त्या स्टोव्ह घेऊनच. टाकीतलं रॉकेल त्यांनी कॅनमध्ये ओतलं, बर्नर फडक्याने पुसला आणि स्टोव्ह निवृत्तींपुढे ठेवला. "मोडीत घाल."

"अगं आई, मला हात लावू देत नव्हती तू याला!"

"पोर येऊ राह्यली ना घरी? मंग." त्या छायाकडे वळल्या. "उद्या नातीचं पहिलं न्हाणं. पाणी लेकीच्या आईनं तापवायचं असतं, ती रीत हाय आपली. तू घाबरू नको. मी पेटवून देईन, तू नुसतं पातेलं चढव. झाली रीत."

छायाने मान हलवली. स्टोव्ह गेला तरी म्हातारीने तिच्यापुरती सोय करूनच ठेवली होती.

शेगडी त्या संध्याकाळी काही पेटली नाही. पंख्याची बॅटरी चार्ज नव्हती आणि लाइट गेलेले होते. उद्या बघू, म्हणत अमोलने शेगडी आणि गोण्या छपरीत नेऊन ठेवल्या आणि सगळे पुन्हा फुलांकडे वळले. पाट्या भरल्या, छपरीत ओळीने लावल्या. पहाटेच्या बाजारापर्यंत माल टवटवीत राहावा म्हणून त्यावर पाणी शिंपडून ओलं गोणपाट टाकायचं काम छायाचं. या घरात सून म्हणून आली त्या संध्याकाळपासून ती ते करत आली होती. ते करताना डोकं लागत नसे. आज तर डोकं तिथे नव्हतंच. बाज भिंतीशी ठेवावी की खिडकीशी, लेक एवढ्या वर्षांनी इथे झोपेल की टक्क जागी राहील, हे सगळं तिच्या मनात चाललं होतं आणि हात शिंपडत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरल्यावर रिक्षा आली. मनीषाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या आणि बाळंतिणीच्या पायांवर पाणी घातलं. छायाने नातीला उचललं तेव्हा तिला वाटलं, आता मी मेले तरी चालेल. मग लगेच वाटलं, छे, आता कशाला मरायचं?

वेदिका आत येताच सरळ मागच्या पडवीकडे गेली आणि स्टोव्हची जागा बघून आली. तिथे काळं वर्तुळ तेवढं उरलं होतं.

"गेला?"

"गेला," अमोल म्हणाला. "आजीनं स्वतः दिला."

कुसाबाई दाराआडून बाळाकडे बघत होत्या. त्या एक पाऊल पुढे आल्या, तशी वेदिकाने बाळ आईकडून घेऊन स्वतःच्या छातीशी धरलं. फार काही नव्हतं त्यात. पण कुसाबाई पुन्हा दाराआड गेल्या, आणि ते छायाने पाहिलं.

"अमोल, शेगडी लाव रे बाबा," मनीषा म्हणाली. "बाळीचं न्हाणं व्हायचंय. पाणी तापायला ठेवू, नुसतं बघत काय बसायचं?"

अमोल छपरीत गेला आणि तिथूनच ओरडला, "हे कुणी केलं?"

सगळे धावले. कांड्यांच्या दोन्ही गोण्या तट्ट फुगल्या होत्या. सोडलेल्या तोंडाची गोणी त्याने आडवी केली तर वरून कांड्या पडल्याच नाहीत, ओल्या भुशाचा लगदा पडला. पाण्याचा थेंब लागला की ही कांडी फुगते आणि विरघळते, हे त्याला बचत गटाच्या बायांनी दहादा बजावलं होतं. त्याने ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"वर गोणपाट टाकलंय बघा ओलं," मनीषा म्हणाली. "आपोआप का आलं ते?"

तिने नाव घेतलं नाही. पण तिची नजर कुसाबाईंकडे गेली आणि तिच्यामागोमाग सगळ्यांची गेली.

निवृत्ती काल आईच्या बाजूने भांडलेले. म्हणून त्यांनाच जास्त लागलं. "आई, तुला शेगडी नको होती तर तसं म्हणायचं. स्टोव्ह कुणी काढून नव्हता घेतला तुझा. हे असं पाणी ओतायचं?"

छाया गोणपाटाकडे बघत होती. कालच्या ओळीत शेवंतीच्या पाट्या, मग झेंडूच्या, आणि ओळीच्या शेवटी... तिचे हात काल ओळीच्या शेवटापर्यंत गेले होते. ओळीत जे होतं त्या सगळ्यावर तिने पाणी मारलं होतं. मीच, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि समोर लेकीचा चेहरा दिसला. आधीच जायला निघालेला चेहरा. तिची जीभ क्षणभर अडली.

तो क्षण कुसाबाईंना पुरला. सुनेच्या तोंडावरचं सगळं त्यांनी वाचलं होतं. "मीच शिंपडलं," त्या म्हणाल्या. "फुलंच वाटली. डोळ्यांनी दिसत नाय आता मला."

"मला माहीत होतं," वेदिका म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. "अमोल, रिक्षा थांबव. मी जाते."

"वेदी, थांब. पाणी मी शिंपडलं."

"आई, बस कर."

"अगं, खरंच मी. फुलांवर मारता मारता मारलं. शुद्धच नव्हती मला. तू यायची म्हणून नव्हती."

"किती दिवस तू तिला पाठीशी घालणार आहेस?" बाळ रडू लागलं होतं, वेदिका त्याला थोपटत होती आणि थोपटता थोपटता बोलत होती. "पोलिसांनासुद्धा तू असंच सांगितलंस. भडका उडाला म्हणून."

"उडालाच होता ना भडका."

"मी दारात उभी होते आई. मी पाहिलंय."

निवृत्तींनी हातातली गोणी सोडून दिली.

"काय पाहिलंस?" छायाने विचारलं.

"तू खाली पडली होतीस, ओरडत होतीस. आणि ही तुझ्या अंगावर बसली होती. गोणपाट घालून तुला जमिनीशी दाबत होती. तू हात झाडत होतीस आणि ही सोडत नव्हती." वेदिकाला आता रडू आवरेना. "वणीच्या आजीला सांगितलं तर ती म्हणाली, बोलू नको कुठं, तुझ्या आईला त्याच घरात राहायचंय. मला स्टोव्हची भीती नव्हती गं कधी. तो हिच्या हातात असायचा, त्याची होती. मी हिला भ्यायचे."

एवढी वर्षं. आणायला गेलं की पोर आजोळी दाराआड लपायची, दिवाळीत ओवाळताना कुसाबाईंच्या पाया पडायची आणि पटकन मागे सरायची. ते सगळं तिला आगीचं भय वाटलं होतं. तिने कधी विचारलं नव्हतं. बोललं तर पोरीला पुन्हा आठवेल, म्हणून तिने तो दिवसच घरातून पुसून टाकला होता, आणि पोर एकटी त्या दिवसात राहत होती.

"वेदी," ती म्हणाली, "त्या मला विझवू राह्यल्या होत्या गं."

वेदिकाचा थोपटणारा हात थांबला.

"साडी टेरिकॉटची होती, अंगाला चिकटली. मी पळाले. पळालं की जास्त पेटतं, मला कुठं समजत होतं? आत्याबाईंनी फुलांवरचं ओलं गोणपाट ओढलं आन् मला पाडलं. मी मारत होते त्यांना. त्यांनी सोडलं नाय, म्हणून तर मी तुझ्यापुढं उभी हाय. त्यांचे पण हात भाजले होते त्यात. आगीतच घातले होते ना त्यांनी." तिने अंगावरचा पदर बाजूला केला. मान, खांदा, दंड. लेकीला तिने हे कधी उघडं करून दाखवलं नव्हतं. "हे बघ कुठवर आलंय. त्या तिथं नसत्या तर राहिलं असतं का काही?"

निवृत्ती तोंड फिरवून उभे राहिले. मनीषाने पदर डोळ्यांना लावला, मघाच्या त्या नजरेची तिला आता लाज वाटत होती.

सगळ्यांना वाटलं, कुसाबाई चिडतील किंवा रडतील. एवढा आळ डोक्यावर घेऊन त्या वावरत होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. पण त्या हळूच म्हणाल्या, "पोर दारात उभी होती व्हय? मला दिसलीच नाय गं. दिसली असती तर म्हणले असते, बाई, तिकडं तोंड कर."

वेदिका मटकन खाली बसली. आई शेजारी बसली तशी तिच्या मांडीत तोंड खुपसून ती रडली, एवढी ती पहिलीतसुद्धा रडली नसेल. बाळ मनीषाने घेतलं. छाया लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. रिक्षावाला दारातून डोकावला, तर निवृत्तींनी त्याला हातानेच जा म्हणून खुणावलं.

मग व्हायचं तेच झालं. बाळीला दुसऱ्या कुणाच्या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं, ती भुकेने आणि थंडीने कळवळून रडू लागली, आणि घर भानावर आलं.

"अमोल, दुसरी गोणी फोड," छाया म्हणाली. "मधल्या कांड्या कोरड्या असतील. फुलं पण मधली ओली होत नाहीत."

खरंच, गोणीच्या पोटात कांड्या खडखडीत निघाल्या. एका पातेल्यापुरत्या होत्या. अमोलने त्या शेगडीत भरल्या, वर झाकणभर रॉकेल शिंपडलं.

"पुन्हा रॉकेलच?" मनीषा म्हणाली.

"पेटवण्यापुरतं लागतं काकू. पुढं नाय लागत."

आगपेटी कट्ट्यावर होती. कुसाबाईंचा हात सवयीने पुढे आला. छायाने आगपेटी उचलून घेतली.

"राहू द्या आत्याबाई. मी करते."

"अगं, जमंल का?"

"नाय जमलं तर तुम्ही हायेतच की."

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली, पण छायाने ती एवढी लांब धरली की वाटेतच विझली. रॉकेलचा वास नाकात शिरला आणि तिला पडवी दिसली, साडी दिसली, पळायची वाट दिसली.

"आई, नको. मी पेटवते," वेदिका उठली.

"तू बाळंतीण हायेस. बस गप."

तिसऱ्या काडीला कुसाबाई तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. पाठीला त्यांचं लुगडं लागलं तसं छायाला वाटलं, भडका उडालाच तर ही बाई आजही मला पाडेल. तिने काडी ओढली आणि कांड्यांवर सोडली. जाळ आधी पिवळा, धुरकट आला. अमोलने बटण फिरवलं. पंखा घुंईऽ करत सुरू झाला आणि जाळ गोल होऊन सरळ उभा राहिला. धूर गेला. छायाने स्वतः पातेलं चढवलं. पाणी तापेपर्यंत ती जाळासमोर बसून राहिली.

"शेगडीला उकडायचं थांबलं का गं आई?" निवृत्तींनी विचारलं, आणि रडवेल्या तोंडांनी सगळे हसले.

मोरीपाशी पाट मांडला. बाळाला न्हाऊ घालायला गावातली अक्काबाई ठरवली होती, ती पदर खोचून तयारच होती. वेदिका म्हणाली, "अक्काबाई, आज राहू दे. आज आजी घालेल."

कुसाबाई मागे सरल्या. "मी नको. अक्काबाईलाच घालू दे."

"रागावलीस का?"

"नाय गं बाई. तुझ्यावर कसली रागवू?"

"मग बस ना पाटावर."

कुसाबाई उगाच लुगड्याचा काठ चाचपत राहिल्या. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. तुळतुळीत, रेषा नसलेले. "मला ऊन-गार कळत नाय या हातांना. पाणी कढत असलं तरी समजायचं नाय. लेकरू भाजंल."

छायाने चमकून पाहिलं. म्हातारी तव्यावरची भाकरी हाताने उलटते, चटका बसत नाही, ते सगळ्या म्हाताऱ्या बायांचंच असतं असं ती धरून चालली होती. मनीषाच्या दोन्ही पोरांना न्हाऊ घालायला कुसाबाईंनी बाई लावली, तेव्हा जावा-जावा आतून धुसफुसल्या होत्या, की सासूला आता नातवंडांचं करायचा कंटाळा आला.

"कधीपासून आत्याबाई?"

"तवापासून."

"आन् बोलल्या नाय?"

"तुझं एवढं भाजलेलं. त्यात माझं काय सांगायचं?"

छाया खाली वाकली आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवून उठली. सणावाराशिवाय असं कुणी कुणाच्या पाया पडत नसे त्या घरात, पण कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

वेदिकाने आजीला दंडाला धरून पाटावर बसवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय लांब करवले आणि बाळाला त्या दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत पालथं ठेवलं. मग स्वतः बाजूला बसली, तांब्यात पाणी घेतलं, गार मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं.

"मला कळतं ना पाणी. मी ओतते. तू चोळ."

"मान धर आधी तिची. अशी."

पहिला तांब्या पाठीवर पडला तशी बाळी दचकली, किंचाळली आणि मग गप्प झाली. कुसाबाईंचे हात चालू लागले. बोटं विसरली नव्हती. खांदे, पाठ, कुल्ले, पुन्हा खांदे. छाया पातेल्यातून पाणी काढून देत होती, वेदिका मिसळून ओतत होती.

मग कुसाबाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "मऊ हाय का गं?"

वेदिकाने आजीचं मनगट धरलं, उलटं केलं आणि जिथे डाग संपून धड कातडी सुरू होत होती, ती आतली बाजू बाळाच्या ओल्या पाठीवर टेकवली.

कुसाबाईंनी डोळे मिटले. "तुझ्यासारखीच हाय," त्या म्हणाल्या.